डर्ट बाइकला नंबर मिळेल का?

पत्र थोडक्यात: जुळे सोलापुरात राहणारे हे वाचक २६ वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टेरी टॉवेलचा कारखाना, मोहोळ तालुक्यात घरची शेती. दिवाळीत त्यांनी पुण्यातल्या एकाकडून जुनी कावासाकी केएलएक्स १४० घेतली, पावणेदोन लाखांना; ही डर्ट बाइक, म्हणजे माती-मैदानात चालवायची मोटारसायकल. हातात आली ती मूळ बिलाची झेरॉक्स आणि साध्या कागदावरची पावती. आरसी नाही, नंबर नाही. विकणारा म्हणाला होता, 'लाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे लावा, आरटीओत पासिंग होतं.' त्यावर १५ हजार घातले. मग एका एजंटाने दुसराच मार्ग काढला: भंगारात निघालेल्या एका जुन्या गाडीचं आरसी आणायचं, 'पुढचं आम्ही बघतो'. २५ हजारांपैकी पाच हजार देऊन झाले आहेत. वडील म्हणतात, विकून मोकळा हो. काकांचा १६ वर्षांचा मुलगा शेतात तीच गाडी शिकला. वाचक विचारतात, 'अमेरिकेत लोक किट लावून नंबर घेतात, मग आपल्याकडे का नाही? ही गाडी कायदेशीर रस्त्यावर आणायची तर नेमकं काय करू?'

उत्तर:

गोल गोल बोलून तुमचे आणखी पैसे जायला नकोत, म्हणून आधी तोडून सांगतो. ही गाडी सरळ मार्गाने रस्त्यासाठी नोंद होणार नाही. सोलापुरात नाही, पुण्यात नाही, 'ओळखीच्या' कुठल्या राज्यातही नाही. एमएच १३ ची पाटी तिला लागणार नाही. हे वाचून तुम्हाला राग येईल तो विकणाऱ्याचा यावा, आरटीओचा नव्हे. का ते सांगतो. हे का कळलं, तर पुढच्या वेळी कुणी काहीही सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही.

तुमच्या सगळ्या पत्राखाली एक समजूत आहे: नोंदणी आरटीओत होते, आणि साहेब गाडीवर काय काय लावलंय ते बघून ती करतात. आपल्यातल्या बहुतेकांना असंच वाटतं, कारण आपल्याला दिसतो तो शेवटचा टप्पा. प्रत्यक्षात तिथे फक्त शिक्का बसतो. गाडीचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, कारखान्यात सुटलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२६ क्रमांकाचा नियम सांगतो की रस्त्यावर विकायच्या प्रत्येक मॉडेलचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा. अशा मोजक्या संस्था देशात आहेत. त्यातली एक पुण्यातली एआरएआय; पुण्यात शिकलेल्यांना 'एआरएआय टेकडी' फिरायला जाण्याची जागा म्हणून माहीत असते, तिच्या नावाचं मूळ हे. दुसरी आपल्या शेजारच्या नगरची व्हीआरडीई. तिथे धूर मोजतात, आवाज मोजतात, ब्रेक किती अंतरात लागतो ते बघतात, दिव्याचा झोत कुठे पडतो ते बघतात. सगळ्यात पास झाली की त्या मॉडेलला प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याच्या जोरावर कंपनी प्रत्येक गाडीबरोबर फॉर्म २२ देते: ही गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षेच्या नियमांत बसते, हे कंपनीने लिहून दिलेलं. नोंदणीसाठी फॉर्म २० हा तुमचा अर्ज, फॉर्म २१ हा विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ हा असा. विम्याचा कागद आणि पत्त्याचा पुरावा वेगळा. आता तर कंपनीने मंजूर मॉडेलची माहिती 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत चढवलेली नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही.

केएलएक्स १४० भारतात आली तीच मुळी मैदानात चालवायची गाडी म्हणून. तिला फॉर्म २२ कधी निघालाच नाही. जन्मदाखला दवाखान्यातून निघतो, मोठेपणी चांगले कपडे घालून गेलं म्हणून मिळत नाही. तुमच्या १५ हजारांच्या लाइट-हॉर्नचं तसं झालंय. साहेबांनी मनावर घेतलं तरी त्यांना टाइप करायला रकाना नाही.

'मी स्वतः गाडी एआरएआयला नेऊन तपासून घेतली तर?' हा पुढचा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेलच. ती तपासणी एका गाडीची नसते, मॉडेलची असते, आणि ती करून घेणारा निर्माता किंवा आयातदार असतो. शिवाय १ एप्रिल २०२० पासून नव्या नोंदणीला बीएस-६ हे धुराचं मानक लागतं. तुमच्या गाडीला एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्यावर थंड होणारं इंजिन आणि कार्बोरेटर आहे. बीएस-६ गाठायला इंजेक्शन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर असं सगळं नव्याने बसवावं लागेल, आणि तेवढं करून उरेल ती तुमची केएलएक्स नसेल.

आता अमेरिका. तुम्ही बघितलेले व्हिडिओ खोटे नाहीत. तिकडे गाडीची नोंदणी हा राज्यांचा विषय आहे, आणि ॲरिझोनासारख्या काही राज्यांत डर्ट बाइकला दिवा, आरसा, हॉर्न, नंबरप्लेटची जागा असं साहित्य लावून रस्त्याचा नंबर घेता येतो. पण शेजारच्याच कॅलिफोर्नियात हे चालत नाही. तिथे कारखान्यातून 'ऑफ-रोड' म्हणून निघालेली गाडी धुराच्या नियमांपायी ऑफ-रोडच राहते, वर काहीही लावा. म्हणजे 'अमेरिकेत चालतं' हे वाक्यच अर्धवट आहे. ब्रिटनमध्ये तर हेडलाइट नसलेली मोटारसायकल फक्त दिवसा वापरायच्या अटीवर तपासणीत पास होऊ शकते. प्रत्येक देशाने आपापला मार्ग आखलेला आहे, आपल्या देशाने मॉडेल-मंजुरीचा आखला. तो जाचक आहे का? हौशी माणसाला आहे. एकेकट्या गाडीसाठी एखादी साधी, परवडणारी तपासणी असायला हवी, असं माझंही मत आहे. पण मत आहे म्हणून गाडी रस्त्यावर काढता येत नाही.

आणि कागद बाजूला ठेवले तरी गाडीचं ऐका. एकदा तिच्याजवळ उकिडवे बसा आणि टायरची कड बघा. डर्ट बाइकच्या गुठळ्यांच्या टायरवर बहुतेकदा 'हायवेसाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं रबरातच उठवलेली असतात. त्या गुठळ्या मातीत रुततात म्हणून पकड मिळते. डांबरावर त्यांची फक्त टोकं टेकतात, जोरात ब्रेक मारला की त्या वाकतात आणि गाडी सरकते. होटगी रोडला समोर अचानक रिक्षा वळली की हे कळतं, पण तेव्हा कळून उपयोग नसतो. तुम्ही हेडलाइट लावला, तो गाडी आयडलवर आली की मंदावतो, असं पत्रात तुम्हीच लिहिलंय. कारण इंजिनावर वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोची ताकद ठिणगी आणि छोटी बॅटरी यांच्यापुरतीच धरलेली आहे. एप्रिल-मेच्या उन्हात सात रस्त्याच्या सिग्नलला दोनदा थांबलात की एअर-कूल्ड इंजिनाची काय गत होते, ते वेगळं सांगायला नको. मागच्या चाकाला साडी-गार्ड नाही, आणि आपल्याकडे तोही नियमात आहे, १२३ क्रमांकाच्या. मेकॅनिकने काम वाईट केलंय असं मी म्हणत नाही. जी गाडी ज्या कामाची नाही, तिला त्या कामाला जुंपलंय.

एजंटाबद्दल मात्र मी सौम्य बोलणार नाही. 'पुढचं आम्ही बघतो' म्हणजे काय, हे त्याने तुम्हाला सांगितलं नाही, मी सांगतो. भंगारातल्या गाडीचा चेसिस नंबर तुमच्या गाडीच्या फ्रेमवर मारायचा. हँडलच्या मानेवर, जिथे तो मूळ नंबर ठोकलेला आहे, तिथे ग्राइंडर फिरवायचा आणि नवे आकडे पंचाने ठोकायचे. तुम्ही लोनवर गाडी घेतली असेल तर बघितलं असेल: चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि आकड्यांचा ठसा उतरवून घेतात. घासलेल्या पत्र्यावरचा ठसा सरावाच्या माणसाला लगेच कळतो. आकड्यांची खोली सारखी नसते, ओळ किंचित तिरकी असते. आणि ठसा कशाला, आरसीवर १०० सीसीची कम्यूटर आणि समोर उभी उंच हिरवी डर्ट बाइक, हे कुठल्याही हवालदाराला लांबूनच दिसेल. आज तुमचा दोष एवढाच आहे की तुमच्याकडे बिननोंदणीची गाडी आहे, आणि ती घरात उभी असेल तर तोही नाही. एजंटाचं काम झालं त्या दिवशी बनावट कागद आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात तुमचं नाव येतं. पंचवीस हजार देऊन गुन्हेगार होण्याची ही हौस कशाला?

दुसरे एजंट लाल पाटीची कल्पना देतील, म्हणून तेही सांगून ठेवतो. लाल पाटीवर पांढरी अक्षरं ही विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटची खूण असते. विक्रेत्याला त्याच्या धंद्यासाठी दिलेली सोय आहे ती, तुम्हाला गावाला जाण्यासाठी नाही.

दंडाची भीती घालायला मला आवडत नाही, पण आकडे माहीत असलेले बरे. नोंदणीशिवाय सार्वजनिक जागी गाडी चालवायची नाही हे मोटार वाहन कायद्याचं कलम ३९. ते मोडलं तर कलम १९२ प्रमाणे पहिल्यांदा दोन ते पाच हजार दंड, पुन्हा सापडलात तर पाच ते दहा हजार किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी तिथल्या तिथे ताब्यात घेता येते. विमा नसल्याचे वेगळे दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. ही रक्कम भरून तुम्ही मोकळे व्हाल हो. मला काळजी आहे ती वेगळ्याच दिवसाची. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. कुणाला धक्का लागला, हात-पाय गेला, तर अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती विमा कंपनी भरणार नाही, तुम्ही भराल. वडिलांचा कारखाना, मोहोळची जमीन, सगळं त्या हिशेबात डोळ्यासमोर आणून बघा. विमा काढलेला असला तरी नोंदणीअभावी तो हातचा जाऊ शकतो: तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका गाडीचा नुकसानीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये याच कारणाने नाकारला होता.

'पण मी शेतातच चालवतो' हे तुमचं म्हणणं. शेतात चालवा, बिनधास्त चालवा. कायद्याची अडचण 'सार्वजनिक जागे'त आहे, म्हणजे जिथे लोकांना जायचा-यायचा हक्क आहे तिथे. स्वतःचं कुंपणातलं रान त्यात येत नाही. पण तुम्ही लिहिता की गावातून शेतापर्यंत पाणंदीनेच जातो. पाणंद ही तुमची नाही. शिवरस्ता, पाणंद, गाडीवाट या सगळ्यांच्या वापरातल्या आहेत, डांबर नाही म्हणून त्या खासगी होत नाहीत. समोरून बैलगाडी येते, शाळेची पोरं येतात. पंपावर पेट्रोल भरायला जाणं हेही रस्त्यावर येणंच आहे.

तुमच्या पत्रात काकांचा मुलगा एका ओळीत येऊन गेला, तुम्ही त्याबद्दल काही विचारलंही नाही. मला मात्र तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. सोळाव्या वर्षी शेतात, हेल्मेट-बूट घालून, मोठ्यांच्या नजरेखाली शिकला तर त्यात वावगं काही नाही. जगभरचे चांगले रायडर त्याहून लहानपणी शिकतात. पण किल्ली त्याच्या हाताशी राहिली आणि एक दिवस तो पाणंदीवरून गावात आला, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ लागतं: पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे तुम्ही आणि काका, दोघंही गोत्यात. किल्ली तुमच्या खिशात ठेवा.

इथवर 'नाही' फार झालं. आता मूळ प्रश्नाकडे येऊ, जो तुम्ही विचारलेला नाही: ही गाडी तुम्हाला कशासाठी हवी होती? पत्र दोनदा वाचलं. एका ठिकाणी तुम्ही लिहिता, 'मातीत गाडी उडवताना डोकं रिकामं होतं.' दुसऱ्या ठिकाणी, 'रविवारी मित्रांबरोबर तुळजापूर, नळदुर्गला जाता येत नाही.' या दोन वेगळ्या हौशी आहेत आणि एकाच गाडीने दोन्ही भागवायचा हट्ट तुम्हाला एजंटाच्या दारात घेऊन गेला. पावणेदोन लाख गेलेत तर रस्त्यावर काढून वसूल केले पाहिजेत, हा हिशेब मला समजतो, पण चुकीचा आहे. गेलेले पैसे रस्त्यावर फिरून परत येत नाहीत.

पहिली हौस खरी असेल तर गाडी ठेवा. लाइट-हॉर्न उतरवून टाका, वजन कमी होईल. गाडी शेतावरच ठेवा. इकडे-तिकडे न्यायची तर छोटा हत्ती किंवा पिकअप करा. हँडलला दोन्ही बाजूंनी रॅचेटचे बेल्ट बांधून पुढचे शॉकअप निम्मे दाबून घ्या, पेट्रोलचा कॉक बंद करा. भाड्याचे हजार-दोन हजार जड वाटतील, पण वरच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. फार पुढे जायचं मनात असेल तर बंगळुरूजवळ कोलारला बिगरॉक डर्ट पार्क आहे, तिथे रीतसर शिकवतात. स्पर्धा खेळायची तर एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स काढून, त्यांच्या मान्यतेच्या शर्यतीत. तिथे गाडीला नंबरप्लेट कुणी विचारत नाही.

फक्त 'मोकळं माळरान' म्हणून नान्नज-मार्डीकडे किंवा मोहोळच्या माळांवर गाडी सोडू नका. हे मी सगळ्याच वाचकांना सांगतो, कारण सोलापुरातला प्रत्येक डर्ट बाइकवाला कधी ना कधी त्या गवताकडे बघून मोहात पडतो. १९७९ पासून तो माळढोक अभयारण्याचा भाग आहे, आणि त्याचे तुकडे सलग नाहीत, शेतांमध्ये विखुरलेले आहेत. पाटी दिसली नाही म्हणजे अभयारण्य नाही असं होत नाही. माळढोक, टिटवी, धाविक ही मंडळी अंडी उघड्या जमिनीवरच घालतात. गुठळ्यांचा टायर त्यावरून गेला तर चालवणाऱ्याला कळतही नाही. लांडगे, काळवीट, खोकड त्याच गवतात असतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय तिथे शिरणं हाच गुन्हा आहे, आणि वन खातं वाहतूक पोलिसांसारखं पावती फाडून सोडत नाही. तुमचं शेत मोहोळ तालुक्यातलं, तेव्हा गट नंबर घेऊन वन विभागाच्या कार्यालयात एकदा हद्द विचारून या.

दुसरी हौस खरी असेल, म्हणजे मित्रांबरोबर रस्त्याने जायचं आणि मध्येच कच्च्यात घालायची, तर त्यासाठी नंबरासकट गाड्या मिळतात. तुमच्यासारख्याला मी आधी हिरोची एक्सपल्स बघायला सांगेन. २०१९ पासून आहे, त्यामुळे जुनीही सहज मिळते, सुटे भाग महाग नाहीत आणि आपल्याकडचा कुठलाही बरा मेकॅनिक ती उघडू शकतो. तिच्या २०० ४व्ही प्रो मॉडेलचे पुढचे शॉकअप २५० मिलिमीटरपर्यंत दबतात आणि तरीही पाटी कायदेशीर. आता २१० सीसीचीही आली आहे. कावासाकीचंच प्रेम असेल तर केएलएक्स २३०, खिसा मोठा असेल तर केटीएम ३९० एन्ड्युरो आर. नाव सारखं म्हणून गोंधळू नका: कावासाकीच्याच केएलएक्स २३०आरएस, केएक्स २५० या गाड्या मैदानाच्या, पाटी न मिळणाऱ्या. शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असतात. विकणाऱ्याला एकच विचारायचं, 'फॉर्म २२ देणार का?' उत्तरात 'तसं बघितलं तर' आलं की उठायचं.

जुनी घेतलीत तर एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून आधी नाव, कर्ज आणि विमा बघा, आरसीवरचे चेसिस-इंजिन नंबर गाडीवर बोट ठेवून जुळवा, मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून घ्या आणि पैसे त्यानंतर. आधीच्या मालकाने सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा मागून घ्या. हँडगार्ड, इंजिनाखालची प्लेट, योग्य मापाचे ड्युअल-पर्पज (रस्ता आणि माती दोन्हींचे) टायर एवढं लावायला हरकत नाही. कंपनीने आरसीत दिलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल केले की कलम ५२ आड येतं.

माझं मत विचारलंत तर विका, आणि एक्सपल्स घ्या. वडिलांचं अर्धंच ऐकल्यासारखं होईल, पण ते तुमच्या पावणेदोन लाखांपेक्षा तुमच्या हाडांची काळजी करतायत असं मला वाटतं. विकताना पुण्यातल्या माणसाने तुमच्याशी केलं ते पुढच्याशी करू नका. पावतीवर स्पष्ट लिहा: 'ऑफ-रोड वापरासाठी, रस्त्यावर नोंदणी होत नाही.' चेसिस नंबर, इंजिन नंबर, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्राच्या प्रती जोडा. किंमत थोडी कमी येईल. आणि ठेवणार असाल तरी पुण्यातल्या त्या माणसाकडून मूळ बिल मागून घ्या, झेरॉक्स पुरत नाही. आरसी नसलेल्या गाडीला मालकीचा पुरावा तोच एक. गाडी चोरीला गेली किंवा ती चोरीची आहे असं कुणी म्हणालं, तर पोलीस ठाण्यात तोच कागद दाखवायचा आहे.

एजंटाला दिलेल्या पाच हजारांसाठी भांडत बसू नका. काम नको आहे, कुठलाही कागद तुमच्या नावे करायचा नाही, एवढं व्हॉट्सॲपवर लेखी कळवा आणि तो मेसेज जपून ठेवा. आधार, फोटो, बिलाची प्रत असं काही त्याच्याकडे दिलं असेल तर परत आणा. त्याने आधीच काही चढवलंय अशी शंका आली तर थांबू नका, आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोचवर शिक्का घ्या.